निथळणे : बरणी, खार आणि पळी



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या नावाने बोलायला उभे राहताना एखादा भारदस्त विषय निवडावा असा मोह कोणालाही होईल. मी मात्र आज स्वयंपाकघरातील एका पळीविषयी बोलणार आहे. भांड्यांचे आराखडे करणे हा माझा आयुष्यभराचा व्यवसाय. त्या व्यवसायात ज्या एका वस्तूने मला साफ हरवले, ती ही पळी. तिने मला जे शिकवले ते गुरुजींनी याच शाळेत मला आधीच शिकवले होते, आणि मी ते विसरलो होतो. ती कबुली देण्यास याहून योग्य जागा मला सापडली नसती.

प्रश्न अगदी साधा आहे. बरणीत मिठाच्या पाण्यात कैऱ्या, लिंबे, आवळे किंवा मिरच्या मुरत ठेवलेल्या असतात. त्यांतील चार फोडी ताटात घ्यायच्या आहेत. पाणी ताटात यायला नको. फोड तेवढी वर यावी आणि द्रव मागे राहावा, असे साधन कसे घडवावे?

आपल्या भाषेने या कामाचा बारकाईने विचार केलेला दिसतो. चहा आपण गाळतो, भात वेळतो, गढूळ पाणी निवळू देतो आणि धुतलेली भाजी रोळीत निथळत ठेवतो. चार क्रिया, चार शब्द. चहा गाळताना द्रव हवा असतो व चोथा टाकायचा असतो. भात वेळताना शिते हवी असतात व पेज वेगळी काढायची असते. निवळण्यात गाळ तळाशी बसण्याची वाट पाहायची असते. निथळण्यात वस्तूला चिकटलेला द्रव आपल्याच वजनाने, आपल्याच गतीने खाली उतरतो. आपण त्याला फक्त अवसर द्यायचा असतो. बरणीतील कैरीचे काम या चौथ्या प्रकारचे आहे. मात्र त्याला एक अट जोडलेली आहे. तेथे फोडही हवी असते आणि खारही हवा असतो. फोड ताटात जायची, खार बरणीत परतायचा.

ही अट का, ते समजून घेऊ. मीठ कैरीतील पाणी बाहेर ओढते आणि कुजवणाऱ्या सूक्ष्मजीवांना लागणारा ओलावा त्यांच्यापासून हिरावून घेते. खारात बुडालेल्या फोडीपर्यंत हवा फारशी पोहोचत नाही, आणि बुरशीला तर हवा हवीच असते. म्हणून जोवर खार फोडींच्या वर आहे तोवर बरणी सुरक्षित. रोज एक-दोन चमचे खार ताटातून वाया गेला, तर महिन्या-दीड महिन्यात पातळी खाली येते, वरच्या फोडी उघड्या पडतात आणि त्यांवर पांढरा बुरा धरतो. तेलाच्या लोणच्यातही वरचा तेलाचा थर हेच राखणीचे काम करतो. तळहातावरचा ओलावा बरणीत जाऊ नये, कोरडाच चमचा घालावा, तोंडाला स्वच्छ दादरा बांधावा, हे घराघरांतील नियम याच कारणाने झाले. वर्षभराची बेगमी एका बरणीत असे, त्या काळी ती बिघडणे ही लहान गोष्ट नव्हती.

आता माझी फजिती सांगतो. शिक्षण संपवून मी नुकताच कामाला लागलो होतो. दापोऱ्यास घरी द्यावी म्हणून मी मोठ्या हौसेने स्टेनलेस स्टीलची एक पळी तयार करवून घेतली. तिची वाटी उथळ व गोल होती. तळाला एक मिलिमीटर व्यासाची बारीक भोके, एकसारख्या वर्तुळांत, शंभराच्या वर. दिसायला ती दागिन्यासारखी होती. आईला आम्ही माय म्हणत असू. मायने ती कौतुकाने घेतली आणि वर्षभर वापरली. पुढच्या पावसाळ्यात मी घरी गेलो तेव्हा कैऱ्यांच्या बरणीची वरची निम्मी रास फेकून द्यावी लागली होती. माय मला काही बोलली नाही. मीच विचारले, तेव्हा ती एवढेच म्हणाली, “पळी छान आहे रे, पण ती खार सोडत नाही. लेकाने दिलेली म्हणून मी वापरत राहिले.”

त्या वाक्याने मी बराच काळ अस्वस्थ होतो. भोके शंभराच्या वर असताना पाणी का अडावे? उत्तर पृष्ठताणात आहे. द्रवाचा पृष्ठभाग ताणलेल्या पडद्यासारखा वागतो. लहान भोकाच्या तोंडाशी हा पडदा खाली फुगतो, पण सहजासहजी फाटत नाही. त्याने किती उंचीचा पाण्याचा स्तंभ तोलून धरावा याचे गणित सोपे आहे : भोक जितके लहान, तितका स्तंभ उंच. एक मिलिमीटर व्यासाचे भोक सुमारे तीन सेंटिमीटर उंचीचे पाणी अडवू शकते. तीन मिलिमीटरचे भोक सुमारे एक सेंटिमीटर, आणि पाच मिलिमीटरचे जेमतेम सहा मिलिमीटर. हे आकडे आदर्श स्थितीतले आहेत. प्रत्यक्षात धातूचा पृष्ठभाग ओला झाला की ते थोडे बदलतात. पण माझ्या पळीची खोलीच मुळी एक सेंटिमीटर होती! म्हणजे भोके शंभर असोत की हजार, त्यांतील प्रत्येकाला आपल्यावरचे पाणी पेलणे सहज शक्य होते. संख्या वाढवून काही उपयोग नव्हता. प्रत्येक भोकाचा आकार वाढायला हवा होता.

हे कळले तेव्हा मला एकाएकी आपला सातवीचा वर्ग आठवला. गुरुजींनी पाण्याने भरलेल्या पेल्याच्या तोंडाला पातळ सुती फडके घट्ट बांधले, ते भिजवले आणि पेला झटक्यात उलटा केला. आम्ही बाके मागे सरकवली. पण पाणी पडले नाही. फडक्याला हजारो छिद्रे असताना पाणी आत कसे राहिले, असे त्यांनी विचारले. बाहेरच्या हवेचा दाब आणि प्रत्येक छिद्राशी असलेला पाण्याचा पडदा, असे उत्तर त्यांनीच पुढे फळ्यावर लिहिले. मी ते वहीत उतरवले, परीक्षेत लिहिले, त्याचे गुणही मिळवले. पुढे कित्येक वर्षांनी तेच फडके मी पोलादात घडवले आणि ते गळत नाही म्हणून नवल करीत बसलो.

पृष्ठताणाबरोबर दुसरा अडथळा असतो तो श्यानतेचा, म्हणजे द्रवाच्या अंगच्या घट्टपणाचा. शेंगदाण्याचे तेल नेहमीच्या तापमानाला पाण्याच्या सुमारे साठ-सत्तर पट श्यान असते. साठ टक्के साखरेचा पाकही पाण्याच्या पन्नासपट किंवा अधिक. असे द्रव मोठ्या भोकातूनही सावकाश उतरतात, म्हणून पाकातल्या आवळ्यासाठी पळीइतकाच धीरही लागतो. मसाल्याच्या लोणच्याची गोष्ट वेगळी. त्याचा खार हीच त्याची चव. तो सगळा निथळवून कोरडी फोड कोणाला हवी आहे?

उत्तराचा दुसरा भाग मात्र मला पुस्तकात मिळाला नाही. तो मायच्या हातात होता. माझी पळी येण्यापूर्वी ती साध्या लांब दांड्याच्या पळीने कैरी काढीत असे, आणि दर वेळी पळीचे टोक बरणीच्या आतल्या कडेला क्षणभर टेकवीत असे. मी ते लहानपणापासून पाहिले होते, पण ती निव्वळ सवय आहे असे समजत होतो. त्या टेकवण्याने लोंबकळणाऱ्या थेंबाला ओल्या भिंतीचा आधार मिळतो, पडदा मोडतो आणि खार भिंतीवरून ओघळत खाली जातो. जे काम शंभर भोकांनी होत नव्हते, ते एका स्पर्शाने होत होते. आपल्या बुऱ्हाणपूरजवळचा 1615 सालचा कुंडी भंडारा ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे तत्त्व नवे वाटणार नाही. सातपुड्यातून झिरपणारे पाणी तेथे जमिनीखालच्या बोगद्यांतून केवळ उताराच्या बळावर शहराकडे नेले होते. पाण्याला ढकलावे लागत नाही. त्याला वाट करून द्यावी लागते.

मग मी दुसरी पळी केली. वाटी अरुंद व किंचित खोल घेतली, कारण बरणीचे तोंड पोटापेक्षा लहान असते आणि रुंद वाटी बाहेर काढताना फोडी कडेवर आपटून पडतात. तळाला पाच मिलिमीटरची थोडीच भोके ठेवली. पुढच्या टोकाला, सर्वांत खालच्या बिंदूपाशी, एक उभी खाच दिली, म्हणजे पळी कडेला टेकताच खार त्या खाचेतून वाहून जाईल. दांडा बरणीच्या खोलीपेक्षा चार बोटे लांब, म्हणजे हात खाराला लागू नये. दांड्याला एक वळणदार आकडा, म्हणजे पळी काठाला अडकवून मिनिटभर सोडून देता येईल आणि मोकळ्या झालेल्या हाताने ताट घेता येईल. भोकांच्या कडा आतून-बाहेरून घासून गुळगुळीत केल्या. धारदार कडेवर फोडीची साल सोलते आणि तेथेच मीठ साचून राहते.

धातूचा विचारही करावा लागतो. आंबट व खारट द्रवात कल्हई नसलेल्या पितळेतील तांबे व जस्त उतरते. कल्हईचा कथिलाचा थर असला तरी तो झिजतो. ॲल्युमिनियमला मीठ खाते. ज्यात सुमारे 18 टक्के क्रोमियम व 8 टक्के निकेल असते ते स्टेनलेस स्टील बरे, कारण क्रोमियममुळे त्यावर ऑक्साइडचा पातळ संरक्षक थर तयार होतो. पण तेही खारात दिवसचे दिवस बुडून राहिले तर मिठातील क्लोराइडमुळे त्याला बारीक खड्डे पडू शकतात. म्हणून पळी बरणीत ठेवून देऊ नये. काम झाले की धुवावी, पुसावी, कोरडी ठेवावी.

या प्रश्नावर जगात इतरही उत्तरे शोधली गेली आहेत. भूमध्य समुद्राकाठी ऑलिव्हची फळे खारवतात. ती काढायला मोठ्या भोकांचा खोलगट चमचा वापरतात. काही बरण्यांत जाळीची टोपली असते, तिची दांडी ओढली की फळे वर येतात. अलीकडे मधोमध जाळी असलेल्या, उलट्या करता येणाऱ्या बरण्याही मिळतात. त्या चतुर आहेत, परंतु बरणी उलटी राहिली की फोडी कोरड्या पडतात, म्हणजे जी राखण हवी तीच सुटते. वर्षभराच्या बेगमीला त्या उपयोगी नाहीत.

1958 साली चार्ल्स व रे ईम्स या अमेरिकन दांपत्याने भारत सरकारला एक अहवाल दिला. त्यात त्यांनी आपल्या लोट्याला उत्तम रचनेचा नमुना मानले आणि तो किती पाणी धरतो, कोणाच्या हातात असतो, डोक्यावर की कमरेवर नेला जातो, कसा ओततो, असे प्रश्न मांडले. त्या अहवालातून 1961 साली अहमदाबादला राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. 1969 साली मुंबईच्या आयआयटीत औद्योगिक अभिकल्प केंद्र निघाले. पुण्यात दिनकर केळकरांनी आपल्या दिवंगत मुलाच्या, राजाच्या, नावाने जे संग्रहालय उभारले, त्यात स्वयंपाकघरातील साधनेही जपून ठेवली आहेत. त्या वस्तूंसमोर उभे राहिले की त्या घडवणाऱ्याइतकीच त्या वापरणाऱ्या हातांचीही आठवण होते. तो हात न पाहता मी पहिली पळी केली होती.

दुसरी पळी मायने पुढे अखेरपर्यंत वापरली. गंमत अशी, की खाच असूनही ती पळी कडेला टेकवायला कधी विसरली नाही, आणि आकड्याचा उपयोग तिने मुख्यतः पळी भिंतीवरच्या खिळ्याला टांगण्यासाठी केला. कैऱ्या मात्र त्यानंतर बिघडल्या नाहीत.

विद्यार्थ्यांना एकच विनंती. घरी जाल तेव्हा पेल्याला फडके बांधून तो प्रयोग जरूर करून पाहा, आणि त्याच दिवशी घरातले कोणी बरणीतून लोणचे काढीत असेल तर त्यांच्या हाताकडेही पाहा. गुरुजींचे स्मरण मला याहून चांगल्या रीतीने करता येत नाही.