वय जन्मतारखेवरून मोजतात, इयत्तेवरून नाही

वसई-विरारमधल्या कुठल्याही क्रिकेट अकादमीबाहेर, मुलांचं नेट संपायची वाट बघत उभ्या असलेल्या पालकांत हा सल्ला हमखास ऐकू येतो: "मुलगा अंगाने बारीक आहे ना? मग एक वर्ष त्याच वर्गात ठेवा. खेळायला एक वर्ष जास्त मिळेल." सांगणारा इतक्या खात्रीने सांगतो की ऐकणारा दुसऱ्या दिवशी शाळेत चौकशीला जातो. कुणी सीनियर केजीतच वर्ष वाढवून घेतं, कुणी पाचवी-सहावीत शाळा बदलताना एक इयत्ता खाली प्रवेश घेतं. मुलाचं वर्ष जातं आणि मैदानावर त्याच्या हाती काही पडत नाही.

कारण साधं आहे. आपल्याकडच्या महत्त्वाच्या स्पर्धांत गट इयत्तेवरून पडतच नाहीत. जिल्हा, विभाग, राज्य आणि मग राष्ट्रीय अशा पायऱ्यांनी जाणाऱ्या शालेय स्पर्धा 14, 17 आणि 19 वर्षांखालील गटांत होतात. मुंबईच्या शालेय क्रिकेटमधली गाइल्स शील्ड 14 वर्षांखालची, हॅरिस शील्ड 16 वर्षांखालची. बीसीसीआयच्या स्पर्धाही वयोगटाच्याच. प्रवेशिकेवर इयत्ता लिहिलेली असली तरी गट ठरवते ती जन्मतारीख.

मार्च 2013 मध्ये जन्मलेली दोन मुलं घ्या. एक आठवीत आहे, दुसरं 'ठेवल्यामुळे' सातवीत. 14 वर्षांखालच्या गटात दोघं एकाच वर्षी शेवटचं खेळणार आणि एकाच वर्षी त्यातून बाहेर पडणार. फरक इतकाच की दुसऱ्याचं दहावीचं वर्ष एका वर्षाने पुढे गेलं. हे कितीदा समजावलं तरी पुढच्या मोसमात तोच प्रश्न नव्या पालकाच्या तोंडून येतो, याचा खरंच त्रास होतो. स्पर्धेच्या परिपत्रकात जन्मतारखेची अट स्पष्ट छापलेली असते. ती वाचायला दोन मिनिटं लागतात.

एक बारीक अपवाद मान्य करायला हवा. 19 वर्षांखालची शालेय स्पर्धा खेळायला मूल बारावीपर्यंतच्या वर्गात शिकत असावं लागतं. वेळेवर बारावी झालेल्या काहींचं त्या गटातलं शेवटचं वर्ष हुकतं, उशिरा बारावीला पोचलेल्यांना ते मिळू शकतं. पण त्या वयापर्यंत जो खेळाडू खरोखर पुढे गेलेला असतो, तो आपल्या खेळाच्या संघटनेच्या 19 वर्षांखालच्या संघासाठी धडपडत असतो, आणि तिथे इयत्ता कुणी विचारत नाही. त्या एका शक्यतेसाठी सहा वर्षांच्या मुलाला केजीत अडकवून ठेवणं मला पटत नाही.

मग हा समज आला कुठून? बराचसा अमेरिकेतून, तिथल्या नातेवाइकांच्या बोलण्यातून. तिथे वयाची वरची मर्यादा असली तरी हायस्कूलचे संघ आणि विद्यापीठांची खेळाडू-भरती बऱ्याच अंशी इयत्तेच्या चक्रावर चालते. त्यामुळे वर्षाने मोठा, उंच, ताकदवान मुलगा त्याच वर्गात असेल तर त्याला फायदा होतो. हा प्रकार इतका वाढला की टेक्सासच्या शालेय क्रीडा संघटनेने नियमच केला: खेळासाठी सातवी किंवा आठवी दुसऱ्यांदा केली तर हायस्कूलमधलं चौथं वर्ष खेळायला मिळणार नाही. तिथे जी युक्ती रोखायला नियम करावा लागला, ती इथे मुळात लागूच होत नाही.

या समजाच्या मुळाशी एक खरी गोष्ट मात्र आहे. एकाच वयोगटात, गट ठरवणाऱ्या कटऑफ तारखेनंतर लगेच जन्मलेलं मूल आणि अकरा महिन्यांनी जन्मलेलं मूल एकत्र खेळतात. बाराव्या-तेराव्या वर्षी अकरा महिने म्हणजे उंचीत, ताकदीत मोठा फरक. संशोधक रॉजर बार्न्सली आणि सहकाऱ्यांनी 1985 मध्ये कॅनडाच्या आइस हॉकीत दाखवून दिलं की वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेल्यांची निवड जास्त होते. पुढे फुटबॉलसह अनेक खेळांत तेच आढळलं. पण हा फायदा जन्माच्या महिन्याचा आहे. वर्ग बदलून महिना बदलत नाही.

शिवाय कटऑफ सगळीकडे एकच नसते. शालेय स्पर्धांची मोजणी 1 जानेवारीपासून, बीसीसीआयच्या क्रिकेट वयोगटांची 1 सप्टेंबरपासून. म्हणजे डिसेंबरमध्ये जन्मलेली मुलगी शालेय खो-खोत आपल्या वर्षातली सर्वांत लहान, आणि क्रिकेटमध्ये तीच बऱ्याच जणींपेक्षा मोठी!

आणि उशिरा जन्मलेल्यांसाठी सगळं संपलं, असंही नाही. विरारच्या आयुष म्हात्रेचा जन्म 16 जुलै 2007 चा. सप्टेंबरच्या कटऑफने तो गटाच्या अगदी शेवटाकडे येतो. दीड महिना उशिरा जन्मला असता तर खालच्या गटात गेला असता. त्याने 2024 मध्ये, सतराव्या वर्षी, पहिल्याच रणजी मोसमात महाराष्ट्राविरुद्ध 176 धावा केल्या. 2025 मध्ये तो चेन्नईकडून आयपीएल खेळला आणि 19 वर्षांखालच्या भारतीय संघाचा कर्णधार म्हणून इंग्लंडला गेला. त्याआधी विरारच्याच पृथ्वी शॉने नोव्हेंबर 2013 मध्ये हॅरिस शील्डमध्ये 546 धावा काढल्या, तेव्हा त्याला नुकतंच चौदावं पूर्ण झालं होतं. स्पर्धा 16 वर्षांखालची होती. ही दोन्ही मुलं घडली ती आपल्याहून मोठ्या मुलांसमोर उभं राहून, आणि आपण मात्र आपल्या मुलासमोर लहान मुलं कशी येतील ते शोधत बसतो.

बाकीचे समज थोडक्यात.

"पालकांनी अर्ज दिला की शाळा वर्गात ठेवते." नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 16 ने आठवीपर्यंत मागे ठेवण्याला बंदी घातली होती. 2019 च्या दुरुस्तीने राज्यांना पाचवी आणि आठवीपुरती सूट दिली, महाराष्ट्राने 2023 मध्ये ती घेतली. पण तीही परीक्षेत आणि मग फेरपरीक्षेत नापास झालेल्यांसाठी.

"वर्ष राहिलं तर अभ्यास तरी पक्का होतो." संशोधक शेन जिमरसन यांनी 1990 ते 1999 मधल्या वीस अभ्यासांचा 2001 मध्ये एकत्रित आढावा घेतला. मागे ठेवल्याचा फायदा त्यात दिसला नाही.

"मनगटाच्या एक्स-रेत नेमकं वय कळतं." बीसीसीआय 16 वर्षांखालच्या मुलांसाठी जी टीडब्ल्यू-3 चाचणी वापरते, ती हाडांच्या वाढीवरून अंदाज देते. लवकर वयात आलेल्या खऱ्या वयाच्या मुलाचं हाडही मोठं दिसू शकतं.

"वर्गाने जमत नाही, तर दाखल्यावरची तारीखच सरकवू." हा समज नाही, हा गुन्हा आहे. ऑगस्ट 2020 मध्ये बीसीसीआयने जाहीर केलं की आपण होऊन कबुली न देता वयचोरीत सापडलेल्याला दोन वर्षांची बंदी. 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्या मुलांच्या शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच ग्राह्य धरला जातो. राहुल द्रविडने 2015 च्या पतौडी व्याख्यानात वयचोरीवर कठोर शब्दांत बोट ठेवलं होतं, कारण तिच्यामुळे खऱ्या वयाच्या मुलाची संघातली जागा जाते. ती जागा वसईतल्याच एखाद्या मुलाची असेल.

पालकांना एवढंच सांगणं आहे: मुख्याध्यापकांकडे जाण्याआधी मुलाच्या खेळाचं यंदाचं परिपत्रक मिळवा, त्यातली कटऑफ तारीख आणि मुलाचा जन्मदाखला शेजारी ठेवा. निवड चाचणीत तो छोटा दिसला म्हणून प्रशिक्षकाने वगळलं, तर त्याची जन्मतारीख प्रशिक्षकाला दाखवा आणि पुढच्या वर्षी पुन्हा बघायला सांगा. वर्ग मात्र वयाप्रमाणेच असू द्या.