चित्र मॉनिटरवर, आवाज कुठे?

सुटी लागली की हा प्रश्न हमखास येतो. पुण्याला नोकरी करणारा काका येताना प्लेस्टेशन घेऊन येतो. हॉलमधल्या टीव्हीवर घरातल्यांच्या मालिका सुरू असतात, म्हणून पोरं तो आतल्या खोलीत नेऊन संगणकाच्या मॉनिटरला जोडतात. चित्र झक्क येतं. आवाजाचा पत्ता नाही. शेजारी टू-पॉइंट-वन स्पीकर बेसच्या डब्यासकट ठेवलेले असतात, पण त्यातून फूं सुद्धा येत नाही. मग जळगावात गोलाणी मार्केटमधल्या, नाहीतर धुळ्यात आग्रा रोडवरच्या ओळखीच्या दुकानदाराला फोन जातो, "भाऊ, आवाज येस नही." तो बिचारा फोनवर काय सांगणार?

बिघाड बहुतेक वेळा कुठेच नसतो. आवाजाला बाहेर पडायला वाट नसते, एवढंच.

नव्वदच्या दशकात आपण ज्यात कॅसेट फुंकून घालायचो, त्या व्हिडिओ गेमच्या पिवळ्या वायरीतून चित्र आणि पांढरीतून आवाज यायचा. आवाजाची वायर वेगळी हाताला लागे. ती काढून घरच्या डेकला लावली की काम झालं. प्लेस्टेशन २ आणि ३ पर्यंत ही सोय तांबड्या-पांढऱ्या पिनांच्या रूपात होती. २०१३ साली आलेल्या प्लेस्टेशन ४ मध्ये ती गेली. चित्र आणि आवाज दोन्ही एकाच एचडीएमआय केबलमधून मॉनिटरला जाऊ लागले. मॉनिटरमध्ये स्पीकर नसेल तर आवाज तिथपर्यंत पोचून थांबतो. तुमचे स्पीकर मात्र सीपीयूच्या हिरव्या भोकात खोचलेले, आणि शेजारी गेम चालू आहे हे सीपीयूला कळायला काही मार्गच नाही.

म्हणून माझं पहिलं सांगणं: संगणकाला या भानगडीत ओढूच नका. स्पीकर संगणकाबरोबर विकत आणले असले तरी ते कुठल्याही जॅकवर वाजतात. मॉनिटरच्या मागे, एचडीएमआयच्या आसपास, साडेतीन मिलिमीटरचं गोल भोक आहे का पाहा. त्यावर हेडफोनचं चित्र किंवा 'ऑडिओ आउट' असेल तर स्पीकरची पिन सीपीयूतून काढून तिथे लावा. 'ऑडिओ इन' लिहिलेलं भोक वेगळं, त्याचा इथे उपयोग नाही. पिन लावूनही शांतताच असेल तर मॉनिटरच्या मेनूत आवाज शून्यावर आहे का बघा. तो तसा असतो आणि ते कुणाच्या लक्षात येत नाही. जुन्या मॉनिटरला व्हीजीए कन्व्हर्टर लावला असेल तर आवाज कन्व्हर्टरच्या बाजूच्या छोट्या जॅकमधून घ्यायचा, कारण व्हीजीए वायरीतून फक्त चित्र जातं.

मॉनिटरला जॅकच नसेल तर? प्लेस्टेशन ४ आणि ५ च्या रिमोटला खाली हेडफोनचं भोक असतं. लांब ऑक्स वायर तिथे लावायची आणि सेटिंगमध्ये हेडफोनला 'ऑल ऑडिओ' द्यायचा. वायर पायात येते, पण फुकटात काम होतं. निन्टेन्डो स्विचच्या डोक्यावरचा जॅक डॉकमध्ये ठेवल्यावरही चालतो. कायमची सोय हवी तर एचडीएमआय ऑडिओ एक्स्ट्रॅक्टर मागा. ही छोटी डबी कन्सोल आणि मॉनिटरच्या मध्ये बसते, चित्र पुढे पाठवते आणि आवाज बाजूला काढून देते. ती लावल्यावर कन्सोलच्या साउंड सेटिंगमध्ये 'लिनियर पीसीएम' निवडा. डॉल्बी किंवा डीटीएस निवडलेलं राहिलं तर स्वस्त डबीला ते उलगडत नाही, आणि आवाज तरी येत नाही किंवा नुसती खरखर येते.

काहींना आवाज संगणकातूनच हवा असतो. गेम रेकॉर्ड करायचा असतो, किंवा एकाच स्पीकरवर मित्राचा कॉलही ऐकायचा असतो. त्यांच्यासाठी तीन गोष्टी. लॅपटॉपचा एचडीएमआय पोर्ट फक्त बाहेर देतो, आत घेत नाही. कन्सोलची केबल त्यात खोचून काहीही होणार नाही. डेस्कटॉपच्या मागचं निळं भोक 'लाइन इन'चं. एक्स्ट्रॅक्टरचा आवाज तिथे द्या, गुलाबीत नको. गुलाबी भोक माइकचं, त्यात आवाज फाटतो. लॅपटॉपच्या एकुलत्या जॅकचंही तेच. मग विंडोजच्या रेकॉर्डिंग यादीत 'लाइन इन'च्या प्रॉपर्टीजमध्ये 'लिसन' या टॅबवर जाऊन 'लिसन टू धिस डिव्हाइस'वर टिक करा. गोळी सुटल्यावर आवाज किंचित उशिरा येतो. तो उशीर खपत नसेल तर वरचा पहिलाच उपाय बरा. आणि कन्सोलचं चित्र-आवाज संगणकात घेणारं कॅप्चर कार्ड लावल्यावर चित्रही काळं आणि आवाजही गायब झाला, तर कार्ड परत करायला धावू नका. प्लेस्टेशन ४ किंवा ५ च्या सिस्टीम सेटिंगमध्ये 'एचडीसीपी' बंद करून पाहा. ते नक्कल रोखणारं कुलूप आहे. चित्र आलं पण ओबीएस या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये आवाज ऐकू येत नसेल, तर त्या साधनाचं ऑडिओ मॉनिटरिंग 'मॉनिटर अँड आउटपुट'वर न्या.

आता खानदेशचा खास रोग: घूं. आवाज येतो, पण मागे सतत पन्नास हर्ट्झची गुणगुण. लाइट गेल्यावरच ती सुरू होत असेल तर बहुतेक इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा आहे. स्पीकरचा दोष नाही. कायम येत असेल तर अर्थिंगकडे बघा. डेस्कटॉपच्या वीजपुरवठ्यात गाळणीचे कपॅसिटर असतात. अर्थिंग नसेल तर त्यांच्यामुळे कॅबिनेटच्या पत्र्यावर सुमारे ११५ व्होल्ट येतात, म्हणजे २३० च्या निम्मे. करंट अगदी थोडा असतो, पण हात लागला की झिणझिण्या येतात. तोच करंट ऑडिओ वायरीच्या जाळीतून वाट काढतो आणि स्पीकरमधून ऐकू येतो. प्लेस्टेशन ५ ची वायर दोन पिनांची, तिला अर्थिंग नाहीच; सगळा भार डेस्कटॉपच्या तिसऱ्या पिनेवर.

आणि ती तिसरी पिन आपल्याकडे किती घरांत खरी असते? भाड्याच्या खोल्यांमध्ये सॉकेटला तिसरं भोक असतं, मागे वायर नसते. वायर असली तरी तापीकाठची काळी जमीन मे महिन्यात हातभर भेगाळते, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो आणि हिवाळ्यात नसलेली घूं उन्हाळ्यात उगवते. जुने वायरमन उन्हाळ्यात खड्ड्यात पाणी घालायला सांगतात, ते अगदी बरोबर आहे. कन्सोल, मॉनिटर, संगणक आणि स्पीकर एकाच बोर्डावर घ्या. तरी घूं राहिली तर ऑक्स वायरीच्या मध्ये ग्राउंड लूप आयसोलेटर लावता येतो. पण झिणझिण्या येत असतील तर आयसोलेटर लावून गप्प बसू नका. आधी वायरमनकडून मीटरने फेज आणि अर्थ यांच्यामधले व्होल्ट तपासून घ्या. ते २३० च्या जवळ दिसायला हवेत. घूं घालवण्यासाठी तिसरी पिन तोडायचा सल्ला कुणी दिला तर त्याच्याकडून पुन्हा काही दुरुस्त करून घेऊ नका.

आणखी एक. एचडीएमआय केबल काढण्या-घालण्याआधी दोन्ही यंत्रं बोर्डावरून बंद करा. अर्थिंग नसलेल्या घरात चालू असताना केबल खोचली तर पोर्ट जळू शकतो. पुढच्या आठवड्यात ब्लूटूथ स्पीकर आणि त्यातला उशीर.