अडला हरी, स्क्रूचे पाय धरी!

रात्रीचे दीड वाजले होते. दुसऱ्या दिवशी दुपारी टेक-फेस्टमधली रेस, आणि रूममेटची रिमोट कंट्रोल कार टेबलावर उघडी पडलेली. गाडी माझी नव्हती, हे आधीच सांगतो. दोन सुट्ट्या शिकवण्या घेऊन जमवलेल्या पैशांतून त्याने ती घेतली होती. मोटरवरच्या पिनियनचे दात झिजले होते. तो बदलायचा म्हणजे काम एकच, पिनियनचा ग्रब स्क्रू सोडवायचा.

"आण इकडे, दोन मिनिटांचं काम!" असं म्हणत मी ॲलन की लावली आणि जोर काढला. 'कच्च' आवाज आला. स्क्रू जागचा हलला नाही, पण त्याच्या आतले सहा कोपरे मात्र गोल झाले. रूममेट काहीच बोलला नाही. शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

सकाळी वर्कशॉप उघडायच्या आधीच आम्ही दारात हजर. तिथल्या काकांनी गाडीकडे पाहिलंच नाही, आधी माझी ॲलन की उजेडात धरली. "हिचं तोंड बघ. घासून गोल झालंय. आणि स्क्रू कशानं धरलाय, ते बघितलंस का?" मी गप्प.

मित्रांनो, त्या अर्ध्या तासात जे शिकलो ते असं. स्क्रू निघत नाही, याची बहुतेक वेळा तीनच कारणं असतात.

१) हत्यार चुकीचं. चॅसीवर फुलीचे स्क्रू असतात. आपण ज्याला 'स्टार' म्हणतो त्या फिलिप्स स्क्रूची पेटंटं १९३६ सालची. त्याच्या खाचेच्या भिंती उतरत्या असल्यामुळे जोर वाढला की ड्रायव्हर वर सरकतो आणि खाच खातो. त्यात जपानी गाड्यांमध्ये 'जेआयएस' जातीची फुली असते. दिसायला सारखीच, पण फिलिप्सचं टोक तिच्यात पूर्ण बसत नाही. अशा स्क्रूच्या डोक्यावर बऱ्याचदा बारीक ठिपका असतो. काकांचा नियम: सत्तर टक्के जोर दाबायला, तीस टक्के फिरवायला. खाच थोडीच खराब असेल तर मध्ये रबरबँडचा तुकडा ठेवून बघा.

२) लॉकटाइट. मोटरच्या थरथरीने स्क्रू सुटू नये म्हणून धातूत बसणाऱ्या स्क्रूच्या आट्यांना हा द्रव लावतात. निळा साध्या हत्याराने निघतो. लाल मात्र सुमारे २५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवल्याशिवाय दाद देत नाही. उपाय आपल्या रूमवरच असतो: सोल्डरिंग गन! बॅटरी काढून ठेवा, टोक स्क्रूवर मिनिटभर टेकवा आणि गरम असतानाच फिरवा. पण प्लॅस्टिकमध्ये बसलेल्या स्क्रूवर हा प्रयोग नको, प्लॅस्टिक मऊ होऊन आटेच जातील. लॉकटाइटही प्लॅस्टिकजवळ नको, पॉलिकार्बोनेटला त्याने तडे जातात.

३) गंज. पावसात, चिखलात गाडी पळवली की हे होणारच. गंज काढायचं पातळ तेल सोडा आणि रात्रभर थांबा. मग आधी किंचित घट्ट करायच्या दिशेने फिरवा. गंजाची पकड तुटली की उलटा फिरवा.

डोकंच गेलं असेल आणि ते वर आलेलं असेल, तर पक्कडीने धरा किंवा हॅक्सॉने खाच पाडून सपाट ड्रायव्हर लावा. शेवटचा उपाय ड्रिल. तो घाईत करू नका, ड्रिल सरकलं तर चॅसी गेली.

आमच्या ग्रब स्क्रूला डोकंच नव्हतं, आणि पिनियनजवळ निळा डाग दिसत होता. काकांनी दीड मिलिमीटरच्या त्याच ॲलन कीचं झिजलेलं टोक ग्राइंडरवर दोन-तीन मिलिमीटर उडवलं. आत नवे, धारदार कोपरे निघाले! स्क्रू तापवला. पिनियनखाली लोखंडी ठोकळा ठेवला, म्हणजे मोटरच्या शाफ्टला मार बसणार नाही. की हलकेच ठोकून आत बसवली आणि सावकाश फिरवली. टक्! सुटला.

रेसमध्ये आम्ही दुसऱ्या फेरीत बाद झालो, पण पिनियनमुळे नाही. नंतर मी रूममेटला एक चांगली ॲलन की आणून दिली. तो म्हणाला, "ठेव तुझ्याकडेच. पण पुढच्या वेळी आधी विचार."

विचार म्हणजे त्याला विचारायचं की डोक्याने विचार करायचा, हे त्याने सांगितलं नाही. मी दोन्ही करतो.