द्राक्षाच्या जनुकांचे हजेरीपत्रक

नाशिकमध्ये राहून द्राक्षबागेतलं 'जीएचं डिपिंग' ऐकलं नाही असा माणूस विरळाच! जिब्रेलिक अ‍ॅसिडच्या पातळ द्रावणात योग्य वेळी घड बुडवले की मणी फुगतात. थॉमसन सीडलेसमध्ये बी पूर्ण वाढत नाही, म्हणून बियांकडून मिळणारे हे संप्रेरक कमी पडते आणि शेतकरी ते बाहेरून देतो.

पण त्यामुळे पेशीत नेमके काय बदलते? मांजरीचे राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आणि पुण्याची एनसीएल येथील शास्त्रज्ञांनी हेच तपासले. घड बाहेर पडताना, पूर्ण फुलोऱ्यात आणि मणी धरल्यावर, अशा तीन अवस्थांत जीए दिल्यावर कोणत्या जनुकांचे काम बदलते हे त्यांनी आरएनए सिक्वेन्सिंगने पाहिले. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधाचा निष्कर्ष असा, की प्रत्येक अवस्थेत जनुकांचे वेगवेगळे संच बदलतात.

आता खरी गंमत पुढे आहे. द्राक्षाचा जीनोम २००७ साली वाचला गेला, तेव्हा त्यात तीस हजारांवर जनुके असल्याचा अंदाज निघाला. असा प्रयोग केला की हाती येते ती नुसती जनुकांची लांबलचक यादी. ती वाचून करायचे काय?

आपल्या एकलहऱ्याच्या वीज केंद्राचेच उदाहरण घ्या. कामगारांचे नुसते हजेरीपत्रक पाहून वीज कशी तयार होते हे कळेल का? नाही. प्रत्येक नावापुढे तीन गोष्टी लागतील: तो कुठे असतो (बॉयलरपाशी), हाताने काय करतो (व्हॉल्व्ह फिरवतो) आणि ते कशासाठी (वाफ तयार व्हावी म्हणून). जनुकांसाठी हेच काम 'जीन ऑन्टॉलॉजी' करते. लघुरूप जीओ, मोबाइलचा जिओ नव्हे! १९९८ साली माशी, उंदीर आणि यीस्ट यांच्या डेटाबेसवाल्यांनी एकत्र येऊन हा सामाईक शब्दकोश सुरू केला. त्यातही पेशीतली जागा, रेणूचे काम आणि जैविक प्रक्रिया असे तीनच विभाग आहेत. प्रत्येक संज्ञेला क्रमांक असतो. 'जिब्रेलिनला प्रतिसाद' म्हणजे जीओ:०००९७३९. कॉम्प्युटरवाल्यांसाठी सांगायचे तर ही रचना ट्री नसून ग्राफ आहे, कारण एका संज्ञेला अनेक पालक असू शकतात.

हा ग्राफ ब्राउझरमध्ये पाहायला अमिगो आणि क्विकगो आहेत. दोन याद्यांची तुलना करायची तर वीगो. ते चीनमधून २००६ साली आले, सुधारित आवृत्ती २०१८ ची. यादी अपलोड केली की शेजारी शेजारी स्तंभ काढून मिळतात. एकाच अर्थाच्या संज्ञांची गर्दी झाली तर २०११ चे क्रोएशियातले रेव्हिगो ती कमी करून बुडबुड्यांचे चित्र देते.

पण थांबा! उंच स्तंभ म्हणजे महत्त्वाचा शोध, असे नव्हे. समजा, तुमच्या २०० जनुकांपैकी १२ जनुके एका कामाची निघाली, म्हणजे ६ टक्के. संपूर्ण ३०,००० मध्ये त्या कामाची ६०० असतील, तर सहजगत्याही ४ सापडलीच असती. म्हणजे वाढ तिप्पट. आता ती योगायोगाने होऊ शकते का, हे संख्याशास्त्राने तपासायचे. तेच मुळात १,८०० असती तर ६ टक्क्यांत नवल काहीच नाही. स्तंभ मात्र दोन्ही वेळा तेवढाच उंच!

दुसरी गोष्ट पुराव्याची. प्रत्येक नोंदीला पुराव्याचा संकेत जोडलेला असतो. 'आयडीए' म्हणजे प्रयोगात प्रत्यक्ष पाहिलेले. 'आयईए' म्हणजे संगणकाने साम्यावरून आपोआप लावलेले, माणसाने न तपासलेले. द्राक्षासारख्या पिकात अशा आपोआप लावलेल्या नोंदीच जास्त. त्यामुळे पुष्कळदा आपण द्राक्षाचे म्हणून जे वाचतो, ते मुळात अ‍ॅराबिडॉप्सिस या छोट्या रोपट्याचे ज्ञान असते.

या टूल्सना पैसे लागत नाहीत, होस्टेलच्या खोलीतूनही ती चालतात. प्रोजेक्टला जरूर वापरा. मात्र रंगीत ग्राफ रिपोर्टमध्ये चिकटवण्याआधी दोन प्रश्न विचारा: तुलना कशाशी केली आणि नोंद कुणी तपासली? अशाच निष्कर्षांवरून उद्या कुणी डिपिंगचा सल्ला देईल, आणि तो चुकला तर हंगाम शेतकऱ्याचा जाईल.