बुलबुलचे पंख, गाईडची पायरी

मैत्रिणींनो, पंख कुणाला असतात? पाखरांना, असं तुम्ही पटकन म्हणाल. पण दप्तर घेऊन शाळेत जाणाऱ्या मुलींनाही पंख मिळतात बरं का! कोमल, रजत, सुवर्ण आणि हीरक, असे चार. ते बाजारात विकत मिळत नाहीत आणि पहिल्या नंबरासाठीही राखलेले नसतात. जी काम करून दाखवेल, तिचे ते पंख!

ही गंमत आहे गाईड चळवळीतली. तिची सुरुवातच मुलींच्या हट्टातून झाली. १९०९ साली लंडनमध्ये क्रिस्टल पॅलेस इथे बालवीरांचा, म्हणजे स्काऊट मुलांचा, मोठा मेळावा भरला होता. तिथे काही मुली गणवेश घालून हजर! 'आम्हालाही हे शिकायचंय,' असं त्यांचं म्हणणं. लगेच पुढच्या वर्षी, १९१० मध्ये, मुलींसाठी गाईड संघटना निघाली. स्काऊट चळवळीचे जनक बेडन पॉवेल यांची बहीण अ‍ॅग्नेस हिने तिची धुरा सांभाळली.

भारतात पहिली गाईड कंपनी कुठे निघाली असेल? मुंबईत? छे! १९११ साली जबलपूरला. म्हणजे नाकाडोंगरीहून उत्तरेला सातपुडा ओलांडला की येतं ते शहर. मात्र तेव्हा भारतीय मुलींना तिथे प्रवेश नव्हता. तो मिळायला १९१६ साल उजाडावं लागलं. पुढे स्वातंत्र्यानंतर १९५० मध्ये 'भारत स्काऊट्स आणि गाईड्स' ही संस्था स्थापन झाली आणि १९५१ मध्ये गाईड संघटना तिच्यात सामील झाली.

यात वयाप्रमाणे गट असतात. साधारण पाच-सहा वर्षांपासून दहापर्यंतची मुलगी बुलबुल. दहाव्या वर्षापासून सतरा-अठरापर्यंत गाईड. मोठ्या मुली रेंजर होतात, त्या थेट पंचविशीपर्यंत. बुलबुल पंख मिळवते, तर गाईड पायऱ्या चढते. आधी प्रवेश, मग प्रथम, द्वितीय आणि तृतीय सोपान, त्यानंतर राज्य पुरस्कार आणि सगळ्यात वर राष्ट्रपती पुरस्कार. शिवाय स्वयंपाक, सायकल, बागकाम अशा आवडीच्या कामांचे प्रावीण्य बॅज वेगळेच.

पण बॅज म्हणजे नुसता कापडाचा तुकडा का? एक साधी गाठ घ्या. गाईडला शिकवतात ती रीफ नॉट. दोन टोकं घ्या. उजवं डाव्यावर, मग डावं उजव्यावर. झाली गाठ! ती चपटी बसते, म्हणून प्रथमोपचारात पट्टी बांधायला वापरतात. जखमी माणसाला ती टोचत नाही. आता दोन्ही वेळा उजवंच डाव्यावर घेतलंत तर? गाठ दिसते जवळजवळ तशीच, पण ताण पडला की सरकते. शिकून मिळवलेला बॅज आणि आदल्या रात्री मैत्रिणीची वही उतरवून मिळवलेला बॅज यांत फरक तेवढाच. गणवेशावर दोन्ही सारखेच दिसतात. ताण पडला की कळतं!

नाकाडोंगरीसारख्या गावातल्या मुलींना तर हे चटकन पटेल. तुमसर तालुक्यातलं, मध्य प्रदेशच्या सीमेजवळचं हे गाव. आसपास जंगल, धानाची शेतं, जवळच डोंगरी बुजुर्गची मँगनीजची खाण. बैलाचं दावं, विहिरीचा दोर, धानाचा भारा... गाठ सुटली तर काय होतं, हे इथे कुणी पुस्तकातून शिकवावं लागत नाही. दिशा ओळखणं, चूल पेटवणं, जंगलातून चालताना खुणा ध्यानात ठेवणं, यातलं बरंच तर आजी-आजोबांकडूनच शिकता येईल. शहरातली मुलगी इथे पाहुणी म्हणून आली, तर तिलाच तुमच्याकडून धडे घ्यावे लागतील!

अडचण येते ती दुसरीकडेच. वरच्या पुरस्कारांसाठी शिबिरांना जावं लागतं, घरापासून दूर, चार दिवस तंबूत. इथे आई-बाबांचा पाय अडखळतो. 'मुलीची जात, एकटी कशी पाठवू?' आई-बाबांनो, तुमची काळजी खरी आहे. म्हणून आधी गाईड कॅप्टन बाईंना भेटा. सोबत कोण आहे, मुक्काम कुठे, रात्री जबाबदारी कुणाची, हे खुशाल विचारा. पण उत्तरं पटली तर मुलीला थांबवू नका. गाईडचा भाऊ स्काऊटच्या शिबिराला जात असेल, तर तिने घरी का बसावं?

आणि तुमच्या शाळेत गाईड कंपनीच नसेल तर? पाच-सहा जणी मिळून मुख्याध्यापकांकडे जा आणि 'आम्हालाही शिकायचंय' असं सांगा. १९०९ साली त्या मुलींनी तरी दुसरं काय केलं होतं? आणि तोवर सुतळीचा एक तुकडा घ्या. उजवं डाव्यावर, डावं उजव्यावर. जमलं?