भाताचा सुगंध आणि विज्ञानाचा तास

भाताच्या काही वाणांनाच सुगंध का असतो? ‘धान का कटोरा’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या छत्तीसगडच्या राजधानीत, रायपूर येथे, आनुवंशिकता शिकविणाऱ्या शिक्षकाला या प्रश्नाचे उत्तर संगणकावरील संशोधन माहितीकोशांत शोधता येते.

येथील इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालयाकडे भाताच्या २३ हजारांहून अधिक नमुन्यांचा संग्रह आहे. त्यातील मोठा भाग डॉ. आर. एच. रिछारिया यांनी १९७० च्या दशकात जमविला. राज्यातील नगरी दुबराज या सुगंधी वाणाला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

भाताच्या १२ गुणसूत्रांचा जनुकीय क्रम २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. या आंतरराष्ट्रीय प्रकल्पात भारताचाही सहभाग होता. हा क्रम अमेरिकेतील ‘जेनबँक’ माहितीकोशात विनामूल्य पाहता येतो. बासमतीच्या एका जनुकातील डीएनएची ८ अक्षरे गळालेली असतात. त्यामुळे ते जनुक निकामी होऊन सुगंधी द्रव्य साचते. सुगंधी आणि सुगंधहीन वाणांचे क्रम शेजारी ठेवल्यास उत्परिवर्तन म्हणजे काय, हे विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष दिसते.

मात्र अनेक शोधनिबंध सशुल्क आहेत. केंद्र सरकारच्या २०२५ मध्ये सुरू झालेल्या ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेत सुमारे १३ हजार नियतकालिके समाविष्ट आहेत. परंतु ती उच्च शिक्षण व संशोधन संस्थांसाठी आहे, शाळांसाठी नाही. त्यामुळे शालेय शिक्षकांची भिस्त ‘पबमेड सेंट्रल’सारख्या खुल्या संग्रहांवर राहते. तेथील निबंध वर्गात नेण्यापूर्वी त्याचे वर्ष, प्रयोगाची पद्धत आणि नमुन्यांची संख्या तपासून घेणे आवश्यक ठरते.