पावसाच्या पाण्याला घराबाहेरची वाट दाखवा

तंजावूर म्हटले की मराठी माणसाला भोसल्यांचा राजवाडा, सरस्वती महाल ग्रंथालय आणि बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर कोरलेला मराठी शिलालेख आठवतो. पण या राजवाड्याच्या परिसरात आणखी एक ठेवा आहे. तो जमिनीखाली असल्यामुळे कुणाला दिसत नाही. तो म्हणजे पाण्याची वाट. पावसाळ्यात ज्यांच्या अंगणात तळे साचते, ज्यांच्या भिंतींना ओल येते, त्या सर्वांनी ती समजून घेण्यासारखी आहे.

जलसूत्राची युक्ती

16व्या शतकात येथे नायक राजांचे राज्य होते. त्या काळी पावसाचे पाणी आधी शेवप्पा नायक तलावात अडवले जाई. तेथे गाळ तळाशी बसे. निवळलेले पाणी मोठ्या मंदिराशेजारच्या शिवगंगा तलावात येई आणि तेथून जमिनीखालच्या नळांतून राजवाड्याकडे व वस्तीतल्या अय्यन कुळम, सामंतन कुळम या तळ्यांकडे जाई. या योजनेला 'जलसूत्र' म्हणतात. पुढे 17व्या शतकात व्यंकोजीराजांनी तेथे मराठी राज्य स्थापन केले. त्यांच्या घराण्यातील दुसऱ्या सरफोजीराजांनी (कारकीर्द 1798 ते 1832) शहरात तळी, विहिरी आणि भुयारी गटारे बांधवली, असे इतिहास सांगतो.

नंतर वस्ती वाढली, नळ बुजले, तळी कोरडी पडली. पाणी आपली वाट विसरले नव्हते, ती माणसांनी बंद केली होती. अलीकडे स्मार्ट सिटी योजनेत अय्यन कुळमची दुरुस्ती झाली, तेव्हा शिवगंगेकडून येणारी ही जुनी वाटही मोकळी करण्यात आली.

या युक्तीत चार पायऱ्या आहेत: पाणी गोळा करा, गाळ बसू द्या, वाट द्या आणि शेवटी साठवा किंवा मुरवा. राजवाड्याला जे जमले ते आपल्या चार खोल्यांच्या घरालाही जमते.

पाणी किती येते?

घराचे छप्पर 1000 चौरस फुटांचे असेल आणि एक इंच पाऊस पडला, तर त्यावरून सुमारे 2300 लीटर पाणी खाली येते. म्हणजे 200 लीटरची अकरा-बारा पिंपे! हे सारे पाणी रोज भिंतीच्या पायथ्याशी पडले तर जोत्यात मुरणारच. मग रंगाचे पोपडे निघतात, कपाटातल्या कपड्यांना कुबट वास येतो आणि घरातल्या दमेकऱ्याचा त्रास वाढतो. भिंतीला आतून कितीही महागडा रंग लावला तरी उपयोग होत नाही, कारण दुखणे बाहेर असते.

उतार तपासा

पुढचा जोराचा पाऊस येईल तेव्हा छत्री घेऊन घराभोवती एक फेरी मारा. पाणी कोठून येते, कोठे थांबते, हे कागदावर टिपून ठेवा. गवंड्याला बोलावण्याआधी हा कागद हाती हवा.

घरालगतची जमीन भिंतीपासून बाहेरच्या बाजूला उतरती असावी. माती असेल तर पहिल्या दहा फुटांत सहा इंच उतार द्या. फरशी किंवा काँक्रीट असेल तर दहा फुटांत अडीच इंचही पुरतो. फुलझाडांचे वाफे भिंतीला चिकटून करू नका, कारण रोज घातलेले पाणीही जोत्यातच जाते.

पन्हळ आणि शोषखड्डा

छपराच्या पागोळ्या थेट खाली पडू देऊ नका. त्या पन्हळीत घ्या. पन्हळीतून खाली येणाऱ्या नळाच्या तोंडाशी पानांसाठी जाळी बसवा. पहिल्या पावसाचे पाणी धूळ व पक्ष्यांची घाण घेऊन येते, ते बाहेर सोडून द्या.

त्यानंतरचे पाणी आधी एका छोट्या हौदात गाळ बसण्यासाठी थांबवा, मग शोषखड्ड्यात किंवा विहिरीत सोडा. साधारण तीन फूट लांब, तीन फूट रुंद व पाच फूट खोल खड्डा करून त्यात विटांचे तुकडे व खडी भरावी आणि वर वाळूचा थर द्यावा. हा खड्डा भिंतीपासून किमान दहा फूट दूर हवा. काळ्या चिकण मातीत पाणी चटकन मुरत नाही, तेथे जाणकाराचा सल्ला घ्या. तमिळनाडूत 2003 पासून प्रत्येक इमारतीला पावसाचे पाणी साठवण्याची किंवा मुरवण्याची सोय सक्तीची आहे.

एक गोष्ट मात्र कधीही करू नका: पावसाचे पाणी मैल्याच्या टाकीत सोडू नका. टाकी भरून वाहते आणि घाण अंगणात येते. मोरीचे सांडपाणीही शोषखड्ड्यात नको, नाहीतर विहीर बिघडते. साठवणीच्या हौदाला घट्ट झाकण हवे. आठवडाभर उघडे राहिलेले पाणी म्हणजे डासांना आमंत्रणच.

रस्ता उंच झाला तर?

दर दुरुस्तीत डांबराचा नवा थर चढतो आणि एके काळी तीन पायऱ्या चढून जावे लागणारे घर रस्त्याच्या खाली जाते. 2021 मध्ये तमिळनाडूच्या मुख्य सचिवांनी जुना थर खरवडून काढल्याशिवाय नवा टाकू नये, अशी सूचना दिली. आपल्या गल्लीत काम निघेल तेव्हा चार घरांनी मिळून हीच मागणी लेखी करावी. काम झाल्यावर तक्रार करून काय उपयोग?

आणि शेजारधर्म विसरू नका. आपल्या अंगणातले पाणी भिंतीला भोक पाडून शेजाऱ्याकडे ढकलणे म्हणजे निचरा नव्हे, भांडणाला दिलेले निमंत्रण होय. दोघांनी मिळून एकच पन्हळ, एकच खड्डा केला तर खर्चही निम्मा होतो.

तंजावूरचा मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये पडतो, म्हणून तेथील तयारी सप्टेंबरात व्हायला हवी. महाराष्ट्रात मात्र हे काम मे महिन्यातच उरकले पाहिजे. पन्हळी झाडा, जाळ्या धुवा, हौदातला गाळ उपसा. लोणच्या-पापडांच्या धांदलीत एक दुपार यासाठी काढली तरी पुरे. चार महिने घर कोरडे राहील आणि उन्हाळ्यात विहिरीला पाणीही राहील.